जायचे तास, यायचे तास

पोशेऱ्याची सपना नर्सच्या नोकरीसाठी उद्या लंडनला निघणार होती. आई तिच्या बॅगेत नागलीचं पीठ कोंबत होती.

"दोन वर्षांनी येतेच की मी," सपना म्हणाली.

"पण हाये किती लांब?"

सपनाने मोबाइलवर बघितलं. "मुंबईपासून सात हजार दोनशे किलोमीटर. विमानाला जायला दहा तास, यायला नऊ."

"यायची वाट येगळी हाये का?"

"नाय, तेवढीच."

"मंग एक तास कुठं गेला?"

सपनाने पुन्हा बघितलं. आकडे तेच. आता तीही गोंधळली. "वाऱ्यामुळं असंल," असं म्हणाली खरी, पण तिचं तिलाच पटेना.

आई पिठाची पिशवी मांडीवर घेऊन विचार करत बसली. वीस वर्षं ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन मोखाड्याच्या बाजाराला चालत जात होती. जायला तीन तास लागायचे, यायला दोन.

"अगं, सोपं हाये!" ती एकदम म्हणाली. "जातानी डोक्यावर वझं असतं. येतानी डोकं रिकामं, पाय भराभर उचलतात."

सपनाला हसू आवरेना. "आये, विमानाच्या डोक्यावर कसली मोळी?"

"माणसांची."

सपना अजून हसतच होती. बॅगेची चेन ओढता ओढता आईचा हात मात्र मध्येच थांबला.

"मंग ती माणसं येतानी का नसतात गं?"