नाकाखालचा बाम

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातली वास ओळखणारी यंत्रं आठवडाभरातच तेलकट मळाने बुजायची. म्हणून ‘सल्लागार’ नावाची प्रणाली आता माणसाचं तोंड वाचायची. रोज सकाळी वैजयंता कुंभारे शेवटच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्यायची. तिला किती किळस आली ते कॅमेरा टिपायचा आणि पाणी शहराच्या नळांना सोडायचं की परत फिरवायचं, ते सल्लागार ठरवायचा.

आज पहिल्या टाकीतला गाळ उपसताना तिला वास सहन होईना. केस, मैला आणि कुजलेल्या चरबीचे पिवळट गोळे हातमोज्यांना चिकटून राहिले. शेवटी तिने नाकाखाली बामाचा जाड थर फासला आणि तशीच शेवटच्या टाकीकडे गेली. झाकण उघडलं, तरी काहीच वाटलं नाही.

“किळस शून्य. पाणी सोडलं आहे,” सल्लागार म्हणाला.

दुपारी घरी सासूबाईंनी तिला पाण्याचा तांब्या दिला. एव्हाना बाम उतरला होता. पहिल्याच घोटाला तिला ओकारी आली.

“नाक कसलं मुरडतेस? सकाळी तूच पास केलंस ना हे?” सासूबाई म्हणाल्या.

तिचं ते तोंड पाहून सल्लागाराने अख्ख्या शहराचे नळ बंद केले असते. पण स्वयंपाकघरात कॅमेरा नव्हता.