वीज शुद्ध करणारं यंत्र

निवृत्त झाल्यावर योकोहामाच्या हिराबायाशींनी गाणी ऐकायला उत्तम संच घेतला, पण त्यातून बारीक खरखर यायची. घरातल्या इतर उपकरणांमुळे असं होतं, म्हणत दुकानदार कोंदोंनी वीज शुद्ध करणारं यंत्र जोडून दाखवलं. खरखर थांबली. किंमत मात्र छोट्या गाडीएवढी होती.

"विचार करून सांगतो," हिराबायाशी म्हणाले.

तोवर त्यांनी फुकटचा उपाय काढला. गाणी लागली की बायकोनं, सुमिएनं, हीटर, फ्रिज, दिवे, सगळं बंद करायचं. भर थंडीत सुमिए स्वयंपाकघरात कोट घालून बसायची.

"तुमचं ऐकून झालं की सांगा," ती एकदा म्हणाली, "म्हणजे मी जरा हातपाय शेकते."

"हळू बोल. गाणं चालू आहे."

वसंतात कोंदो पुन्हा यंत्र घेऊन आले. त्यांनी ते जोडलं, काढलं, परत जोडलं.

"नवल आहे, हिराबायाशीसान. आता काहीच फरक पडत नाही. घरातलं काही बदललंत का?"

 

"बायको कायमची बहिणीकडे गेली," हिराबायाशी म्हणाले. "आता घरात दुसरं काही चालूच नसतं."