पंख्याचं तोंड

तांबटानं बोट झटकन मागं घेतलं आणि कुणी पाहायच्या आत तोंडात घातलं.

इंजिनीअरबाईच्या टेबलावर दोन उघडे कॉम्प्युटर सारखंच काम ओढत होते. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे तो चपटा, इवलासा प्रोसेसर. काम करताना तो विस्तवासारखा तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसवतात. डावीकडे कारखान्यातला ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. उजवीकडे तांब्याचा, तांबटानं स्वतः ठोकून, घासून, तळ आरशासारखा करून आणलेला. तो पास झाला तर दोनशे नगांचं काम मिळणार होतं. नाहीतर दुकान जाणार होतं. हंडे-घागरी आता कुणी घेईना आणि चपलांच्या व्यापाऱ्यानं दुकानाची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

तांबटानं ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या टोकांना हात लावला. कोमट. पुन्हा आपल्या पात्यांना लावला. चटका! जन्मभर त्यानं भांडं हातानंच पारखलं होतं. हात खोटं बोलत नाही. ठोकळा परत न्यायला त्यानं पिशवी उघडली.

"चल," तो बायकोला हळूच म्हणाला. "आपलंच नाणं खोटं निघालं."

"खोटं? अहो, यांचं टेबलच वाकडं आहे!" तांबटीण बाह्या सरसावून उठली. "ओ इंजिनीअरबाई, त्यांचं पोर सावलीत आणि आमचं तेवढं उन्हात बसवलंत होय? खिडकी कुठं आहे बघा की!"

तांबट भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. त्याला हे सवयीचं होतं. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, की ती पुढं. घरमालक तणतणत आला, की ती पुढं. चपलांच्या व्यापाऱ्याचा टेप तर तिनं हिसकावूनच घेतला होता, अजून परत दिला नव्हता. तांबट आपला मागं बसून शांतपणे ठोके घालत राही. सगळी गल्ली म्हणे, काय देवमाणूस आहे, डोकं कसं बर्फासारखं! आणि बायको बघा, नुसता फुफाटा. तांबटालाही ते मनातून पटायचं.

इंजिनीअरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पडद्यावरचे आकडे दाखवले. "काकू, त्यांच्या ठोकळ्याखाली प्रोसेसर ब्याण्णव डिग्रीवर गेलाय. तुमच्याखाली एकसष्टवर आहे. पास झालात तुम्ही."

"पण आमचा तर भाजतोय!" तांबट म्हणाला.

"भाजणारच, काका. खालची सगळी आग तो स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, म्हणून तर खालचा थंड राहतो. त्याला फक्त जरा वारा घालायचा असतो." तिनं टेबलावरचा पंखा सुरू करून त्याचं तोंड तांब्याच्या ठोकळ्याकडे वळवलं.

तांबटाचा जीव भांड्यात पडला. तांबटीण मात्र अजून थांबली नव्हती.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? इथं यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं, त्याचं काय?"

तिचा चेहरा भट्टीतून काढलेल्या घागरीसारखा लाल झाला होता. तांबट तिच्याकडे पाहतच राहिला. संसाराच्या छत्तीस वर्षांत त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मग तो उठला आणि इंजिनीअरबाई "अहो काका, काका, चाचणी चालू आहे!" म्हणून ओरडत असताना त्यानं पंख्याचं तोंड बायकोकडे वळवलं.