आयनपंख्याचा हार

"काय हो, पांढऱ्या बंपरवर हे लाल ठिपके कसले?" गाडीकंपनीचे साहेब तडकले. त्यांनी पास केलं तरच आमच्या रंगाच्या कारखान्याला काम मिळणार होतं.

वरचा पंखा त्याच्या सुयांतून हवेत आयन, म्हणजे विजेचे बारीक कण, सोडतो. त्यानं उडत्या धुळीतली वीज मरते अन् धूळ बंपरला चिकटत नाही. पण कालच्या खंडेनवमीला आमच्या भोईटेशेठनी त्या पंख्याच्या सुयांना कुंकू फासून वर झेंडूचा हार घातलेला. आयन निघेनात, कुंकू मात्र उडत होतं.

"शेठ, हार काढू का?" मी म्हणालो.

"गप रे! पूजा मोडतोस होय?"

"राहू द्या की," साहेब म्हणाले, "काम दुसरीकडं देतो."

शेठ टुणकन स्टुलावर चढले. पंख्याला हात जोडून हार उतरवला, अन् तोच साहेबांच्या गळ्यात घातला.