बोटभर बाहेर

ऑफसाइडची रेघ ओढण्याआधी मी खेळाडूच्या बुटाच्या टोकावर एक बारीक पिवळी फुली मारतो. टीव्हीवर फक्त निळी रेघ दिसते. फुली दिसते ती आमच्या बंद खोलीतल्या स्क्रीनवर, आणि तिथे आम्ही दोघंच असतो: व्हिडिओ रेफरी म्हणून मी आणि रिप्ले लावणारा ऑपरेटर.

काल फुटबॉलच्या सेमीफायनलमधला शेवटच्या मिनिटाचा गोल मी बोटभर फरकाने रद्द केला. बाहेर स्टेडियम पेटलं होतं. "साहेब, आज हेल्मेट घालूनच घरी जा," ऑपरेटर हसत म्हणाला आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

आज संध्याकाळी अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. आमची लेक शाळेच्या फाटकात उभी होती. फाटकाच्या कडेने निळी रेघ ओढलेली, आणि तिचा एक बूट रेघेच्या बोटभर बाहेर. खाली लिहिलं होतं, "रविवारी फायनल आहे. रेघ जरा सांभाळून ओढा."

बायकोने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून मी आवाज दाबून म्हणालो, "अगं, असेल कुणीतरी डोकं फिरलेला फॅन. टीव्हीवर बघून अशी रेघ कुणीही ओढेल."

तिने फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला.



"अहो, पण हिच्या बुटाच्या टोकावर ही पिवळी फुली कसली?"