पत्त्याचा पुरावा

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी राहतं घर विकलं. मालकाचं नाव बदलायला एक दुपार पुरली. पैसे मात्र मागाहून. घेणाऱ्याच्या कर्जाचा चेक बँक पोस्टाने पाठवणार होती. तो आला की एक खोली घ्यायची, तोवर लेकीकडे मुक्काम. शिलाई मशीन तिच्या बाल्कनीत, आणि जावयाचं तोंड रोज थोडं जास्त वाकडं.

महिना उलटला तशा मावशी बँकेत गेल्या.

"चेक परत आला, मावशी. त्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही म्हणे."

"कशी राहीन? तेच घर तर विकलंय."

"मग नवा पत्ता द्या. पुरावा तुमच्या नावाचा हवा."

"जावयाच्या घरात माझ्या नावाचं काय असणार, साहेब? पैसे हातात आले की खोली घेते, मग देते पुरावा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. बाईला एवढी साधी गोष्ट कळू नये, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

 

"उलटं करताय, मावशी. आधी घर घेऊन टाका, पैसे काय, लगेच देतो."