ओला पुठ्ठा

पुठ्ठा पुन्हा ओला होता.

मुलाने तो गाडीखालून ओढून काढला आणि उजेडात धरला. परवा हिरवा डाग होता, काल फिकट हिरवा, आज तर नुसतं पाणी सांडल्यासारखं. त्याने बोट लावलं, वास घेतला आणि बोट पँटला पुसलं. पँट ऑफिसची, आत्ताच इस्त्री केलेली. आईने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"त्याला सांग, पंप गेलाय," वडील म्हणाले.

ते बॉनेटपाशी उभे होते. मुलगा त्यांच्या चपलांपासून वीतभर अंतरावर, पाठीवर सरकत गाडीखाली जात होता.

"बाबांना सांग, पंप नवा आहे," गाडीखालून आवाज आला.

"मग नळी ढिली असेल म्हणावं."

"म्हणावं, आवळलीय."

"आवळली असेल! अंगात जोर कुठाय त्याच्या."

"आई, मला ऐकू येतंय!"

"येतंय ना? मग त्यांना उत्तर दे, माझ्या अंगावर कशाला येतोस?" आईच्या हातात बॅटरी होती, ती तिने मुद्दाम मुलाच्या डोळ्यांवर मारली. "मी काय टपाल वाटायला बसलेय? एक वर, एक खाली, मध्ये पत्रा तेवढा. बोला की तोंडाने!"

अबोला कशावरून सुरू झाला हे दोघांनाही आता धड सांगता आलं नसतं, पण पाळण्यात मात्र दोघं काटेकोर होते. एवढ्या नेमाने औषधं घेतली असती तर वडिलांचं गुडघेदुखीचं रडगाणं कधीच संपलं असतं.

सून पायरीवर पाय पसरून बसली होती. दिवस भरत आले होते. कधीही निघावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दवाखाना लांब, वाटेत मोठा चढ, आणि भाड्याची गाडी या बाजूला उगवेल तेव्हा खरी. चढावर इंजिन तापून गाडी बंद पडली तर, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. सगळे पुठ्ठ्याकडे बघत होते.

मेकॅनिकने गाडी दोनदा वर उचलून पाहिली होती. काही गळत नाही म्हणाला. "मग काय गाडीला घाम सुटतो?" आईने त्याला विचारलं होतं. तो बिचारा पुन्हा फोन उचलेना.

गाडीखाली डोकं आपटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ शिवी, आणि पाना फरशीवर घरंगळत वडिलांच्या पायाशी आला. वडिलांनी पान्याकडे पाहिलं. मग पायाच्या अंगठ्याने तो हळूच परत गाडीखाली ढकलला.

"पुरे झालं," मुलगा बाहेर आला. एक कान काळा, बोटाचं सालटं निघालेलं. "सगळं कोरडंच आहे खाली. नळ्या कोरड्या, पंप कोरडा. येतं कुठून हे पाणी? विकून टाकतो डबडं!"

"त्याला सांग, डबडं म्हणायचं नाही."

सून पायरीला रेटा देऊन उठली. आई धावली, तर तिने हात झटकला.

"बॉनेट उघड जरा."

"बघितलंय मी. इंजिनाच्या पाण्याची टाकी भरलेली आहे."

"किती?"

"काठोकाठ."

तिने स्वतः वाकता येईल तेवढं वाकून पाहिलं. मग नवऱ्याकडे आणि सासऱ्यांकडे, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"रोज पुठ्ठा भिजतो, आणि टाकी काठोकाठ. भरतं कोण?"

"मी," दोघं एकदम म्हणाले.

"मी ऑफिसातून निघताना बघतो," मुलगा म्हणाला. "कमी झालेलं असतं. डिकीत त्या हिरव्या कुलंटची बाटली ठेवलीय, ती ओततो. तुम्हाला घोर नको म्हणून बोललो नाही."

वडील झाडांना पाणी घालायच्या झारीकडे बघत होते. "मी सकाळी घालतो. फिरायला जायच्या आधी. पुठ्ठा ओला दिसला की..." त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"आणि दोघंही गळ्यापर्यंत भरता?"

"थोडं जास्त असलेलं बरं, म्हणून," वडील म्हणाले.

मुलगा टाकीच्या झाकणाखालची बारीक नळी बोटाने चाचपत खाली गेला. नळीचं तोंड पुठ्ठ्याच्या बरोबर वर होतं. त्याने डोळे मिटले. "तापलं की फुगतं, आणि जास्तीचं इथून बाहेर पडतं. गळत नाहीये कुठेच."

"पोट फुटेस्तोवर वाढलं तर ओकेल नाही तर काय!" आई म्हणाली. "मेकॅनिकला वेडा केला, पोरीच्या जिवाला घोर लावला, चांगली पँट घालवली. कशापायी? बाप लेकाला सांगेना, लेक बापाला!"

सून पुन्हा पायरीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना, पण पोट हललं तेव्हा तिने हात पोटावरच ठेवला.

मुलगा चिंधीने हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसतच होता.

"आई, बाबांना सांग, साधं पाणी नका घालू. आतून गंज धरतो."

आईने बॅटरी बंद केली. जागची हलली नाही, की बोलली नाही.

मुलगा थांबला. शेवटी तो इंजिनाकडे बघत म्हणाला, "साधं पाणी नका घालू."

"बरं," वडील म्हणाले. "बाटली कुठे ठेवतोस?"

"डिकीत. उजव्या बाजूला."

आई घरात गेली. कोरा पुठ्ठा घेऊन आली आणि गाडीखाली सरकवून ठेवला. या दोघांचा काही भरवसा नव्हता.